जटायू की फत्ते?

"शालन, हातातलं राहू दे. जरा इकडं ये गो," मामंजींनी पडवीतून हाक मारली.

मी पदराला हात पुसत बाहेर आले. पडवीत दोघे भाऊ समोरासमोर मांड्या घालून बसले होते. एक माझे सासरे, म्हणजे मामंजी, आणि दुसरे त्यांचे धाकटे भाऊ बाळकाका. मध्ये केळीच्या पानावर दोन मिटते चाकू मांडून ठेवले होते, खिशात सहज मावतील असे. आत्याबाई, माझ्या सासूबाई, उंबऱ्याशी बसून फणसाच्या आठळ्या सोलत होत्या आणि गालातल्या गालात हसत होत्या. त्यावरून मी ओळखलं, हा खेळ या घरात नवा नाही.

"यातला एक उचल," बाळकाका म्हणाले.

"कशाला?"

"कशाला म्हणजे? उद्यापासून दादा तुला कलमं बांधायला शिकवणार ना? मग चाकू नको?"

"अरे, पण आधी तिला सांग तरी कुठला काय आहे," मामंजी म्हणाले आणि त्यांनीच सांगायला सुरुवात केली. "हा जटायू. शिसवी मूठ, दोन्ही टोकांना पितळ. पातीवर पक्षी कोरलाय बघ. माझ्या वडलांनी हा वापरला, मी हाच वापरतो. पाती एकाच अंगानं घासलेली. दुसरं अंग आरशासारखं सपाट. काप घेतलास की लोण्यातून गेल्यासारखा."

"पावसात मूठ फुगते ते सांग," बाळकाका म्हणाले. "उघडताना नख तुटतं ते सांग. गेल्या साली तोंडानं उघडायला गेलास आणि दात हलला, तेही सांग."

"तो दात आधीच हलत होता."

"हा फत्ते," बाळकाकांनी लाल मुठीचा चाकू पटकन उघडून दाखवला. "गंजत नाही, फुगत नाही, अंगठा लावला की उघडतो. दोन्ही अंगांनी धार."

"दोन्ही अंगांनी धार कांदे चिरायला ठीक," मामंजी म्हणाले.

वैशाखात लग्न होऊन मी कराडकडून लांज्याजवळच्या या गावात आले होते. आमच्याकडं नजर जाईल तिथं ऊस. आंब्याचं कलम मी फक्त खड्ड्यात लावलेलं पाहिलं होतं, ते बांधतात हेच मुळी मला इथं येऊन कळलं. मामंजींची घराच्या मागं रोपवाटिका होती. बाळकाकांची पऱ्याच्या पलीकडं, मधलं ओढ्याचं पाणी ओलांडलं की लगेच. घरं वेगळी झाली होती, पण बाळकाकांचा सकाळचा चहा अजून आमच्याच पडवीत व्हायचा आणि चहाबरोबर चाकूचा वाद. दोघांचीही कलमं तालुक्यात नावाजलेली, त्यामुळं वाद कधी मिटायचा प्रश्नच नव्हता.

मी दोन्ही चाकूंकडं पाहिलं, मग मामंजींकडं. ते मुद्दाम बाहेर पावसाकडं बघत होते. नव्या सुनेनं अशा वेळी काय करायचं असतं ते सांगावं लागत नाही. मी जटायू उचलला.

मामंजींनी मांडीवर जोरात थाप मारली. "बघितलंस? बाहेरून आलेल्या पोरीलाही कळतं!"

"तुझ्या घरात येऊन ती दुसरं काय करणार?" बाळकाका हसले. जाताना त्यांनी फत्ते पडवीच्या कोनाड्यात ठेवला. "राहू दे इथंच. मन बदललं तर."

दुसऱ्या दिवशी मागच्या मांडवात माझी शिकवणी सुरू झाली. काम ऐकायला सोपं होतं. रुजलेल्या कोयीचं कोवळं, तांबूस पानांचं रोप मातीतून काढायचं, शेंडा छाटायचा आणि मधोमध चीर द्यायची. हापूसच्या काडीला खालून दोन्ही बाजूंनी काप घेऊन पाचर करायची, ती चिरेत बसवायची आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. पण काप एका ओढीत आणि काचेसारखा गुळगुळीत यायला हवा. मध्ये हात अडखळला की लाकडाला लाकूड भिडत नाही आणि कलम सुकून जातं.

मामंजींनी एक बांधून दाखवलं तेव्हा मला दिसलं. काडी धरलेला त्यांचा हात थरथरत होता. त्यांनी कोपर गुडघ्यावर दाबून धरलं, श्वास रोखला आणि काप घेतला. काप सुरेख आला. पण पुढच्या काडीला थरथर जास्त होती, आणि तिच्या पुढच्या काडीला त्यांनी चाकू मिटून ठेवला. "तू कर आता," म्हणाले, जणू मला शिकवण्यासाठीच थांबले होते.

मला सगळं एकदम समजलं. हे, म्हणजे माझे यजमान रमाकांत, रत्नागिरीला एसटीच्या डेपोत मेकॅनिक. त्यांना या कामात रस नव्हता. नणंद लग्न होऊन मुंबईला गेलेली. मामंजींना गडी मिळाला असता, पण गड्याच्या हाती त्यांना आपली कलमं द्यायची नव्हती. आणि बाळकाकांना सांगायचं, तर हात थकले हे कबूल करावं लागलं असतं.

मी जीव ओतून शिकत होते. आणि रोज काडीमागून काडी वाया घालवत होते.

माझी पाचर एकीकडं जाड, एकीकडं पातळ व्हायची. काप मध्येच वळायचा. चीर देताना रोप उभं फाटून जायचं. एकदा अंगठा कापला, तेव्हा आत्याबाईंनी हळद भरली आणि मामंजींना म्हणाल्या, "जाऊ दे हो, पोरीचा हात तुटेल एखाद्या दिवशी."

"नवा चाकू हाताला यायला वेळ लागतो," मामंजी म्हणाले.

ते मला एका शब्दानं बोलले नाहीत. रोज संध्याकाळी ते माझा जटायू दगडावर घासून, कातड्यावर ओढून, धार लावून ठेवायचे. दोष माझ्यात असेल हे त्यांना पटतच नव्हतं. कधी ते पातीकडं बघायचे, कधी काड्यांकडं. "या वर्षी काड्याच जून आल्यात," एवढंच पुटपुटायचे. माझी फुकट गेलेली कलमं ते मला न दाखवता पऱ्यात टाकून येत. मी एकदा खिडकीतून पाहिलं. पाठीमागं टोपली लपवून भर पावसात चालले होते.

कोयी टप्प्याटप्प्यानं रुजत घातल्या होत्या. त्यांतली रोपं एकदा हिरवी आणि निबर झाली की कलमाला निरुपयोगी. दोन वाफे असेच हातचे गेले. शेवटचा आणि सगळ्यांत मोठा वाफा तेवढा राहिला होता, आणि तो गेला तर त्या वर्षी रोपवाटिका रिकामी.

आता जे सांगायला हवं ते सांगते. मी डावखुरी.

लहानपणी जेवताना आई माझ्या डाव्या मनगटाला फडकं बांधून ते पाटाखाली दाबून ठेवायची. शाळेत गुरुजींनी पाटीवरची पेन्सिल उजव्या हातात आणवली, कशी ते सांगत नाही. उजवा हात जेवायला, लिहायला, वाढायला शिकला. पण सुई ओवायची, गाठ सोडवायची, विहिरीत दोर टाकायचा, तर एकटी असले की डावा हात आपोआप पुढं व्हायचा. सासरी निघताना आईनं गळ्यात पडून हेच सांगितलं होतं. "शालू, तिथं चारचौघांत डावा हात पुढं करू नकोस बाई. तुला नाही, मला नावं ठेवतील."

म्हणून मी मामंजींसमोर उजव्याच हातानं कापत होते आणि रोपांचा जीव घेत होते.

एके दुपारी जेवणं झाल्यावर घर लवंडलं. मी एकटीच मांडवात गेले, टाकून दिलेल्या काड्या घेतल्या आणि जटायू डाव्या हातात धरला. वाटलं होतं, आता जमेल. पण पाती लाकडात शिरली आणि खालीच रुतत गेली. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. चाकू उलटसुलट करून पाहिला तेव्हा उमगलं. पाती एकाच अंगानं घासलेली, उजव्या हातासाठी. डाव्या हातात धरली की सपाट अंग भलतीकडं यायचं आणि काप सरळ जायचाच नाही. तिथं बसून मला रडूच आलं. मला वाटलं, चाकूसुद्धा आईच्याच बाजूचा आहे.

मग कोनाड्यातला फत्ते आठवला.

लाल मूठ. अंगठा लावला तशी पाती उघडली. दोन्ही अंगांनी धार. मी काडी उजव्या हातात धरली आणि डाव्या हातानं चाकू ओढला. लांब, सरळ, ओलसर चकचकीत काप. दुसऱ्या बाजूनं दुसरा. पाचर अशी झाली की मी ती नुसती बघत राहिले. मामंजींचं पहिलं कलम जसं होतं तशी.

त्या दुपारी मी वाफ्यातली रोपं काढून काही कलमं बांधली, मातीच्या पिशव्यांत लावली आणि मागं फणसाखाली, रिकाम्या पिशव्यांच्या राशीआड ठेवून दिली. मग ती सवयच झाली. सगळे झोपले की फत्ते कंबरेला लावायचा, डाव्या हातानं बांधायचं आणि सगळे उठायच्या आत चाकू परत कोनाड्यात. दुपारनंतर पुन्हा मामंजींसमोर जटायू घेऊन उजव्या हातानं कलमं खराब करायची. सांगणार कसं? एकीकडं आईनं निघताना बजावलेलं. दुसरीकडं मामंजींच्या वडलांचा जटायू. मी बाळकाकांचा चाकू वापरते, तोही डाव्या हातानं, हे त्या माणसाच्या तोंडावर बोलायची माझी छाती नव्हती.

श्रावणात एक दिवस पाऊस उघडला होता. मामंजी पिशव्या आणायला फणसाकडं गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. मी चुलीपाशी होते. ते आले ते सरळ पडवीत. त्यांच्या एका हातात माझं कलम होतं, वर इवलासा तांबूस कोंब फुटलेलं. दुसऱ्या हातात कोनाड्यातून काढलेला फत्ते. पातीवर आंब्याचा चीक वाळलेला. त्या दुपारी घाईत मी तो पुसायला विसरले होते.

"आत्याबाई," मी कुजबुजले, पण पुढं काही सुचेना. मामंजी चपलासुद्धा न घालता पऱ्याकडं निघाले होते.

थोड्या वेळानं दोघे भाऊ परत आले. बाळकाका मागं, गोंधळलेले, अर्धवट दाढी केलेले. गालाला साबण तसाच.

"बघ," मामंजींनी त्यांना फणसाखाली नेलं. मी आणि आत्याबाई मागोमाग गेलो. "ही सगळी बघ. एकूण एक धरलीयत. आणि हा तुझा चाकू."

"मग?"

"मग काय? बाळा, तू रोज दुपारी इथं येत होतास. मी झोपलो की माझ्या मांडवात बसून माझी कलमं बांधत होतास." मामंजींचा आवाज फुटला. "माझे हात थकले हे तुला दिसलं, होय ना? मग तोंडावर सांगायचंस. मला म्हणायचंस, दादा, तुला आता होत नाही. चोरून भीक घालायची काय गरज होती?"

"दादा, देवाशप्पथ..."

"शपथा घालू नकोस. असा काप या गावात दुसरं कोण घेतं?"

बाळकाका काहीतरी बोलायला गेले आणि थांबले. भावाचा हात थरथरतो हे त्यांना बहुधा त्याच क्षणी कळलं होतं. ते त्या हाताकडंच बघत होते, आणि मला दिसलं, ते आता आळ अंगावर घेणार होते. 'होय, मीच बांधली,' असं म्हणून मोकळे होणार होते.

"मी बांधली," मी म्हणाले.

कुणालाच ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हणाले. "मामंजी, ती कलमं मी बांधलीत."

मामंजींनी माझ्याकडं पाहिलं. "शालन, पोरी, त्याला वाचवायला खोटं नको बोलूस. तुझा हात मला माहीत आहे."

"थांब दादा," बाळकाका खाली बसले. एक पिशवी जवळ ओढून त्यांनी कलमावर बोट फिरवलं. "ही पट्टी बघ. मी गुंडाळतो, तू गुंडाळतोस, सगळं जग गुंडाळतं त्याच्या उलट गेलीय." त्यांनी मान वर केली. "सूनबाई, डावखुरी आहेस काय गो?"

मी मान हलवली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायला नेमका डावा हात गेला.

आधी आत्याबाईच बोलल्या. "अगं बाई! म्हणून भाकरी थापताना माझ्याकडं पाठ करून बसतेस होय? मला वाटलं, हिला माझ्या नजरेचा राग येतो!"

बाळकाकांना हसू फुटलं. मामंजी मात्र हसले नाहीत. ते तसेच उभे होते, एका हातात कलम, एका हातात चाकू. मग त्यांनी फत्ते माझ्यापुढं धरला.

"बांध. मला बघू दे."

मी त्या ओल्या मातीतच बसले. आत्याबाईंनी काडी आणि रोप आणून दिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी मोठ्या माणसांसमोर डावा हात पुढं केला. मग काप गेला. दुसरा गेला. शेंडा छाटला, चीर दिली, पाचर बसवली, पट्टी गुंडाळली, माझ्या उलट्या पद्धतीनं. कलम मामंजींच्या ओंजळीत ठेवलं.

त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं आणि फिरवून फिरवून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं.

"आणि आम्ही दोघं तुला चाकू निवडायला लावत होतो. हात कुठला, ते विचारलंच नाही," ते शेवटी म्हणाले. मग भावाकडं वळले. "बाळा, तुझा चाकू चांगला आहे."

इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. बाळकाकांनी खुशीत टाळी वाजवावी असाच तो क्षण होता. पण त्यांचा चेहरा पडला.

"चांगला कसला?" ते घाईघाईनं म्हणाले. "दादा, धार टिकत नाही त्याची. सारखा दगडावर घासावा लागतो. ही मूठ बघ, घामानं निसटते. आपल्या बाबांच्या जटायूची सर कशी येणार याला?"

"तुझा चांगला आहे म्हणतो ना मी."

"आणि मी म्हणतो, तुझा चांगला आहे!"

"तू मला सांगू नकोस."

"मग कोण सांगणार?"

फणसाखाली, दोघांनी उलट्या बाजू घेऊन, तोच वाद नव्यानं सुरू झाला. आत्याबाईंनी माझा हात धरला. डावा. "चल, चहा टाकू या. यांचं आता दिवेलागणीपर्यंत चालणार," त्या म्हणाल्या. वाटेत थांबून, आवाज खाली आणून विचारलं, "डाव्या हातानं भाकरी कशी येते गो? पातळ?"

"पातळ येते, आत्याबाई."

"मग उद्यापासून तशीच थाप."

मामंजी त्या संध्याकाळी माझ्याशी फार बोलले नाहीत. जेवताना एकदा वर पाहिलं आणि पुन्हा पानात पाहिलं. मला रात्रभर चुटपुट लागून राहिली. चाकू चांगला आहे असं ते म्हणाले होते. माझ्याबद्दल मात्र काहीच बोलले नव्हते.

सकाळी उठले तर मामंजी घरात नव्हते. मांडवातून काहीतरी ओढल्याचा, सरकवल्याचा आवाज येत होता. मी जाऊन पाहिलं.

मांडवाची पार उलथापालथ झाली होती. काम करणारा उजव्या हातानं कापणार, म्हणून इतकी वर्षं रोपांचं घमेलं एका बाजूला आणि काड्यांची ओली गोणपाटाची गुंडाळी दुसऱ्या बाजूला असायची. पट्ट्यांसाठी खांबाला ठोकलेला खिळासुद्धा त्याच हिशेबानं. मामंजींनी सगळं पलटवलं होतं. घमेलं इकडचं तिकडं, काड्या तिकडच्या इकडं. जुना खिळा उपटून पलीकडच्या खांबाला ठोकला होता. कापणाऱ्या हातावर ऊन येऊ नये म्हणून टांगलेलं माडाच्या पानांचं झापसुद्धा दुसऱ्या बाजूला नेलं होतं. बसायचा पाट त्यांनी मध्ये ठेवला होता. त्यांचा पाट, ज्यावर त्यांच्याशिवाय कुणी बसत नसे.

स्वतः ते शेजारी गोणपाटावर बसले होते, मांडीवर पट्ट्यांचा गठ्ठा घेऊन. एक पट्टी काडीभोवती गुंडाळायचा सराव चालला होता. उलट्या बाजूनं. बोटं थरथरत होती, पट्टी सुटत होती, आणि ते पुन्हा पहिल्यापासून गुंडाळत होते.

मला पाहून त्यांनी पाटाकडं मान हलवली.

"ये, बस. तू काप घे, मी बांधतो. फक्त जरा सावकाश घे," ते म्हणाले. "मला अजून डाव्या अंगानं येत नाही."